कारण भरणे आवश्यक

गल्लीतल्या चौदा नवऱ्यांना मी एकाच दुपारी "उद्या तुमची पाळी आहे" असा मेसेज पाठवला, याचं खापर अजूनही माझ्या माथी फुटतं. फुटू दे. चूक माझीच होती आणि ती फक्त एका चिन्हाची होती. पण लोकांना चिन्ह दिसत नाही, मेसेज दिसतो.

माझं माहेर धुळ्याचं. लग्नाआधी मी नरडाण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचे. लग्न होऊन जळगावला पिंप्राळ्यात आले आणि नोकरी सुटली. "सध्यापुरती," असं तेव्हा सगळे म्हणाले होते. त्या सध्याला अकरा वर्षं झाली. मध्यंतरी मुलीच्या शाळेचा फॉर्म भरताना आईचा व्यवसाय या रकान्यात मी 'सध्या गृहिणी' लिहिलं, तर क्लार्कने माझ्यासमोर 'सध्या' खोडलं. त्याला मी मनातल्या मनात जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

त्याच आठवड्यात एक जाहिरात दिसली. नोकरीत खंड पडलेल्या बायकांसाठी मोफत ऑनलाइन कोर्स, वेबसाइट बनवायला शिकवणारा. रिअ‍ॅक्ट नावाचं एक साहित्य असतं, त्यातून पानं बांधायची. शेवटी प्रत्येकीने एक प्रोजेक्ट करायचा, आणि अट अशी की तो किमान दहा माणसांनी महिनाभर खरोखरीचा वापरला पाहिजे. पास झाल्यास घरबसल्या काम देणाऱ्या एका कंपनीकडे नाव जाणार होतं. मला ती नोकरी हवी होती. नवस बोलायचा तेवढा राहिला, बाकी मी सगळं केलं.

नवरा म्हणाला, "शिक की, मी कुठे नको म्हणतोय." माझा नवरा चांगला माणूस आहे, आणि चांगल्या माणसांचा त्रास हा की त्यांच्याशी नीट भांडता येत नाही. मग मी कॉम्प्युटरशी भांडायला लागले.

मुलगी शाळेत गेली, सासूबाई आडव्या झाल्या, की दुपारी माझी शाळा भरायची. पहिल्या आठवड्यात पानच उघडेना. लाल अक्षरात लिहून यायचं की तीन हजार नंबरच्या जागेवर आधीच कोणीतरी आहे. मी घरभर पाहून आले, कोणी नव्हतं. दोन दिवसांनी कळलं की आदल्या दिवशी मी नुसती खिडकी बंद केली होती, आतला प्रोग्राम चालूच होता. धुळ्याच्या बसमध्ये लोक खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तसा माझाच रुमाल त्या जागेवर पडून होता आणि मीच उभी राहून सीटवाल्याला शिव्या घालत होते.

दुसऱ्या आठवड्यात मी पानाचा एक तुकडा बनवला आणि त्याला अक्कांचं नाव दिलं. या अक्का कोण ते सांगतेच. तर तो तुकडा पानावर दिसेचना. डोकं आपटलं तरी पांढरं पान. शेवटी वर्गातल्या बाईंनी एका ओळीत उत्तर पाठवलं : तुमच्या तुकड्याच्या नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल हवं. मी 'akka' लिहिलं होतं, 'Akka' लिहायला हवं होतं. मोठ्या माणसाला लहान अक्षराने हाक मारली म्हणून ओ देत नव्हत्या. एवढा मान तर आमच्या सासूबाईंनीही कधी मागितला नाही.

अक्का आमच्या समोर राहतात. सत्तरीच्या, मूळच्या शिरपूरकडच्या, त्यामुळे माझ्याशी अहिराणीत बोलतात आणि बाकी गल्लीशी मराठीत. होळी झाली की आमच्या गल्लीत बिबडे सुरू होतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : ज्वारी तीन दिवस भिजवायची, दळायची, तीळ-लसूण-मिरची घालून मोठ्या पातेल्यात शिजवायची, आणि ते गरम पीठ ओल्या हाताने ओल्या कापडावर पातळ थापून उन्हात वाळवायचं. एकटीच्या बसची गोष्ट नाही. म्हणून रोज एका घरचे बिबडे, थापायला बाकी घरच्या बाया, आणि उन्हाळाभरात प्रत्येक घराची दोन-तीनदा तारीख. जागा अक्कांची गच्ची, कारण तिथे टाकीची सावली पडत नाही. कोणाचे कधी हे सगळं अक्कांच्या डोक्यात असायचं. कागद नाही, पेन नाही. "चार दिवसांनी तुमचे," म्हटलं की आपण ज्वारी भिजत घालायची.

त्यात एकच अडचण होती, अक्कांची कंबर. दर उन्हाळ्यात सात-आठ वेळा ती ऐन वेळी दुखायची. "या आठवड्यात नको गं बाई, माझी कंबर धरलीय, पुढच्या आठवड्यात घेऊ," आणि अख्खं वेळापत्रक सरकायचं. वेळापत्रक सरकलं की माझ्यासारखीचा जीव कासावीस होतो. मला वाटलं, हाच आपला प्रोजेक्ट. चौदा घरं, महिना-दीड महिना वापर, आणि अक्कांच्या कंबरेलाही आराम.

मी जाऊन विचारलं. अक्का लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "मन्हा डोकामा बठ्ठं शे. तुन्हा मोबाईलमा काय नवं शे?" बठ्ठं म्हणजे सगळं.

"अक्का, माले नोकरी भेटी यान्हावर," मी म्हटलं.

त्यांनी लसणाची टोपली बाजूला ठेवली. "मंग कर. तुले काम भेटत व्हई तर कर."

मी घरोघर जाऊन फोन नंबर घेतले. बायांनी सवयीने नवऱ्यांचे दिले. "ह्यांचाच लिही, माझ्यात रिचार्ज नसतो." मी लिहिले. मग वेळापत्रक बनवलं आणि त्याला नाव दिलं 'पाळी'. ज्याची त्याची पाळी, आणखी काय नाव देणार? डोक्यात दुसरा अर्थ आला नाही, यावर आजही कोणी विश्वास ठेवत नाही, पण खरंच आला नाही. अकरा वर्षं घरात तो शब्द मोठ्याने उच्चारला नव्हता, 'बाजूला आहे', 'अडचण आहे' असंच म्हणत आलो. न वापरलेला शब्द मोकळा आहे असं मला वाटलं.

आता ते चिन्ह. उद्या ज्या घरची तारीख असेल त्याच घरी मेसेज जावा, असं मला लिहायचं होतं. या भाषेत बरोबरचं चिन्ह एकदा काढलं तर तो हुकूम होतो, आणि तीनदा काढलं तर तो प्रश्न होतो. मी एकदा काढलं. 'या घरची तारीख उद्या आहे का?' असं विचारण्याऐवजी मी प्रोग्रामला सांगितलं, 'या घरची तारीख उद्या कर.' त्याने इमानेइतबारे चौदाही घरांची उद्या केली आणि चौदा नवऱ्यांना कळवलं. कोणी दुकानात होतं, कोणी बँकेच्या रांगेत.

पहिले आमच्या शेजारचे नाना आले, पोस्टातून रिटायर झालेले. फोन हातभर लांब धरून म्हणाले, "सूनबाई, हे मला आलंय."

"नाना, चुकून आलंय."

"मला वाटलंच," नाना म्हणाले, "या वयात."

आणि गंभीरपणे परत गेले. संध्याकाळपर्यंत गल्लीत दुसरा विषय नव्हता. माझा नवरा घरी आला तोच डोळे पुसत, हसून हसून. त्याच्या ऑफिसातल्या मित्राने त्याला सुट्टी देऊ केली होती म्हणे. सासूबाई मात्र दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलल्या.

मी शब्द बदलायला घेतला. कोडमध्ये सगळीकडे इंग्रजी लिपीत 'pali' होतं, ते शोधून त्या जागी 'number' घाल, असं एका फटक्यात सांगून टाकलं. त्याने घातलं. पण पत्त्यांमध्ये 'Mahanagarpalika shalemage' असं तीन घरांचं लिहिलेलं होतं, तेही सोडलं नाही. तीन बाया 'महानगरनंबरका' शाळेमागे राहायला गेल्या. ते दुरुस्त केलं, तर नवा मेसेज होता "उद्या तुमचा नंबर आहे." नाना पुन्हा आले. "आधीचं बरं होतं," म्हणाले, "हे म्हणजे वरून बोलावणं आल्यासारखं वाटतंय." शेवटी मी "उद्या तुमच्या घरचे बिबडे" असं सरळ लिहिलं, जे पहिल्याच दिवशी लिहायला काय झालं होतं देव जाणे. एक मात्र चांगलं झालं : बायांनी झटपट स्वतःचे नंबर दिले आणि रिचार्जही मारले.

मग आठवडाभर गाडं छान चाललं. मी प्रोजेक्टच्या पुढच्या भागाला हात घातला. ज्याला तारीख बदलायची त्याने मोबाईलवरच बदलावी : नाव, नवी तारीख, कारण, आणि खाली 'पाठवा'चं बटण. याचा आराखडा मी आधीच परीक्षकांना पाठवला होता आणि त्यांनी मान्य केला होता. वर्गात नुकतंच शिकवलं होतं की रकाना रिकामा राहिला तर फॉर्म जाऊ द्यायचा नाही, खाली लाल अक्षरात लिहायचं. मी लिहिलं : कारण भरणे आवश्यक. पहिल्यांदा ते लाल अक्षर उमटलं तेव्हा मला फार भारी वाटलं होतं. नरडाण्याच्या ऑफिसातले साहेब असंच बोलायचे.

दोन दिवसांत तक्रारी आल्या. "तुझं ते अडकतं." कुठे अडकतं? "अडकतं बाई, पुढे जात नाही." मी सगळे उपाय केले. फोन बंद करून चालू करायला लावले. मेमरी साफ केली. एका घरी नेटवर्क नाही म्हणून जिन्यात उभं केलं. माझ्या फोनवर चालायचं, माझ्या कॉम्प्युटरवर चालायचं, गल्लीत कोणाच्याच हातात चालत नव्हतं. सहा दुपारी मी त्या कोडच्या मागे घालवल्या. एकही चूक सापडेना. नाकी नऊ आले.

सातव्या दुपारी मी शेजारणीकडे गेले आणि म्हटलं, "माझ्यासमोर करून दाखव." तिने नाव भरलं. तारीख भरली. 'कारण'वर बोट आलं आणि थांबलं. माझ्याकडे पाहिलं, दिवाणखान्यात पेपर वाचणाऱ्या सासऱ्यांकडे पाहिलं, आणि मागचं बटण दाबलं. "बघ, अडकलं," म्हणाली.

यावर कोणालाही कळलं असतं. मला नाही कळलं. मी कोर्सच्या गुंगीत होते. मला वाटलं, बायांना टाइप करायचा कंटाळा आहे. घरी आले आणि कारणांची यादीच देऊन टाकली, नुसतं बोट ठेवायचं : आजारपण, पाहुणे, प्रवास, लग्न. लगेच फॉर्म येऊ लागले! मी आनंदाने नाचायची बाकी होते. चार दिवसांत सहा फॉर्म, आणि सहाही जणींनी एकच कारण दिलेलं : लग्न. वेळापत्रक सगळ्यांना दिसायचं, कारणासकट. नानांनी मला जिन्यात गाठून विचारलं की गल्लीत एवढी लग्नं आहेत तर आपल्याला एकाचीही पत्रिका कशी नाही.

त्या दिवशी अक्कांनी गच्चीवरून हाक मारली. वर गेले. बाया थापून खाली गेल्या होत्या, कापडांवर बिबडे उन्हात पडले होते, आणि अक्का कडेला बसून कावळे हाकत होत्या.

"आपली गल्लीमा इतला लगन कोना शेतस व?" त्यांनी विचारलं.

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"तू कारण कसाले इचारस?"

"नियम शे अक्का. फॉर्म शे तो."

"मी कधी इचारं का तुले?"

नव्हतं विचारलं. मी मनात मागे मोजत गेले. अकरा उन्हाळे. ज्या घरात बाई बाजूला असेल त्या घरात त्या दिवशी ती पिठाला हात लावत नाही. आमच्याही घरात नाही, सासूबाईंना चालत नाही. सगळ्या गल्लीसमोर गच्चीवर आपल्याच बिबड्यांपासून लांब बसायचं, आणि का ते सगळ्यांना कळायचं. माझ्यावर हे अकरा वर्षांत एकदाही आलं नव्हतं. मला वाटायचं, नशीब आहे आपलं, तारखा जमून येतात.

"अक्का," मी म्हटलं, "तुम्हनी कंबर?"

"कंबरले काय व्हयनं? खडखडीत शे."

आणि उठून, एका दमात, त्यांनी ओलं कापड झटकून दोरीवर टाकलं, माझी खात्री व्हावी म्हणून.

मी विचारलं, तुम्हाला कळायचं कसं. त्यांनी कठड्याकडे मान केली. तिथून गल्लीतली सगळी अंगणं दिसतात. "कोन तुळशीले पानी घालस नही, ते आठे बठीसन दिखस." मग म्हणाल्या, "माले काय फरक पडस? पन ज्या घरमा पडस, त्या घरनी सूनले बठ्ठासमोर कसाले उभी करानी? इचारानं नही, बाई. वळखानं."

मला रडू आलं. लपवलं नाही. त्याच वेळी रागही आला, स्वतःचा, आणि थोडा त्यांचाही, की बाई, एवढं सगळं डोक्यात होतं तर पहिल्याच दिवशी सांगायचं होतंत. पण सांगण्यासारखं असतं तर कंबर कशाला लागली असती.

मी खाली येऊन तो रकाना बंद केला. पुसला नाही, त्याच्यापुढे दोन तिरक्या रेघा ओढल्या. तशा ओढल्या की ओळ जागेवर राहते पण प्रोग्राम तिच्याकडे पाहत नाही. उरलं फक्त एक बटण, 'पुढे ढकला'. ते दाबलं की अक्कांच्या फोनवर त्या घराचं नाव दिसायचं आणि नवी तारीख अक्का ठरवायच्या. वेळापत्रकावर कारण म्हणून काहीच दिसत नव्हतं. अडकणं त्या दिवसापासून बंद झालं. पहिल्या आठवड्यात चार वेळा बटण दाबलं गेलं, त्यातलं एकदा मी.

महिना भरला आणि परीक्षा आली. भर दुपारी, व्हिडिओवर. परीक्षक पुण्याचा, तिशीच्या आतला, कानावर मोठे हेडफोन. सगळं त्याला आवडलं. चौदा घरं खरोखर वापरतात हे पाहून तर खूपच. मग त्याने माझा जुना आराखडा समोर घेतला.

"मॅडम, इथे कारणाचा रकाना होता. आता दिसत नाही."

"काढला."

"का? अडचण आली का काही?"

"आली होती. तो काढल्यावर गेली."

तो हसला. "असं नाही चालत, मॅडम. कारण न देता कोणीही तारीख बदलणार? मान्य केलेल्या आराखड्यातला एक भाग कमी आहे म्हणजे मला प्रोजेक्ट अपूर्ण लिहावा लागेल. अपूर्ण असला की नाव पुढे जात नाही." आणि मग, खरोखर भलेपणाने, म्हणाला, "पाच मिनिटांचं काम आहे. घाला आत्ता, मी थांबतो."

पाच मिनिटंही नव्हती लागणार. दोन रेघा पुसल्या की रकाना हजर. त्याला दाखवायचा, पास व्हायचं, आणि संध्याकाळी पुन्हा बंद करायचा. माझं बोट पुसायच्या बटणावर होतं. खोलीचं दार उघडं होतं, बाहेर सासूबाई भाजी निवडत होत्या, आणि नवरा त्या दिवशी मुद्दाम सुट्टी घेऊन माझा निकाल ऐकायला दाराशी खुर्ची टाकून बसला होता. मला ती नोकरी हवी होती. पण रेघा पुसून दाखवल्या तर तो रकाना बरोबर आहे असं मीच कबूल केल्यासारखं होणार होतं, आणि उद्या त्या कंपनीत बसून मी तसेच फॉर्म बनवत बसणार होते.

मी बोट उचललं.

"नाही घालणार, सर. बायकांना पाळी येते. त्या दिवसांत कित्येक घरांत त्यांना पिठाला हात लावू देत नाहीत. मग त्या तारीख बदलतात. कारणाच्या रकान्यात त्यांनी हे लिहायचं, आणि ते सगळ्या गल्लीने वाचायचं, असा फॉर्म मी बनवला होता. तो चुकला होता. आता बरोबर आहे. तुम्हाला अपूर्ण लिहायचा असेल तर लिहा."

बाहेर भाजीची जुडी मोडायचा आवाज थांबला. अकरा वर्षांत या घरात तो शब्द एवढ्या मोठ्याने पहिल्यांदाच गेला होता. मी मागे पाहिलं नाही. स्क्रीनवरचं चित्र गोठल्यासारखं झालं, मला वाटलं नेट गेलं.

नेट गेलं नव्हतं. त्याने हेडफोन काढून गळ्यात घातले.

"मॅडम, आमच्या ऑफिसचा सुट्टीचा फॉर्म मी बनवलाय," तो म्हणाला. "त्यात कारण भरावंच लागतं. माझ्या टीममध्ये दोन मुली आहेत. दोघींना दर महिन्याला ताप येतो. मी गेल्या महिन्यात दोघींना डॉक्टर बदला म्हणालो."

आणि त्याचे कान, हेडफोनखालून नुकतेच बाहेर आलेले, हळूहळू लाल होत गेले. त्याने खाली पाहून काहीतरी टाइप केलं. माझ्या स्क्रीनवर निकाल उमटला : पूर्ण.